बळी तो कान पिळी

मागे आमच्या ऑफिसातल्या एचआरने सगळ्यांना एक मेल धाडला. ‘कामात लक्ष लागावं यासाठी कर्मचाऱ्यांनी चांगल्या दर्जाचे नॉइज कॅन्सलिंग इयरफोन वापरावेत.’ वापरावेत. कंपनी देईल, असं कुठेही म्हटलेलं नाही. खाली हिरवी पानं, हसरा चेहरा आणि ‘तुमच्या स्वास्थ्याची आम्हाला काळजी आहे’ हे वाक्य. घरमालकाने छपराची कौलं काढून विकावीत आणि मे महिन्याच्या अखेरीस भाडेकरूला कळवावं की बाबा रे, छत्री चांगली घे, त्यातलीच ही गत.

हे एकदाचं स्वच्छ लिहायला हवं, कारण कानात बड्स घालून बसणाऱ्यांवर तोंडसुख घ्यायला हल्ली सगळ्यांनाच चेव येतो. पोरं माणूसघाणी झाली, हाक मारली तरी ओ देत नाहीत, शेजारचा मेला तरी कळायचं नाही, वगैरे. लग्नाच्या पंगतीत हे रडगाणं मी ऐकलंय आणि रविवारच्या पुरवण्यांत वाचलंय. माझं म्हणणं असं, की ही बोंडं आमच्यातल्या बहुतेकांनी हौसेने घातलेली नाहीत. तो दंड आहे. गोंगाट करतो एक आणि दंड भरतो दुसरा. पैशाने भरतो, कानाने भरतो, आणि वर ‘शिष्ट’ म्हणून ऐकूनही घेतो.

आमचं ऑफिस लोअर परळला, गिरणीच्या जुन्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. मजला एकच, माणसं दीड-दोनशे, मध्ये भिंत म्हणून नाही. लांबच लांब टेबलं, त्यावर समोरासमोर स्क्रीन, आणि दोन स्क्रीनच्या मधल्या फटीतून समोरच्याचं कपाळ दिसतं. विक्री विभागाने एक पितळी घंटा टांगून ठेवली आहे. सौदा पटला की ती बडवायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. महिन्याच्या अखेरीला आम्ही एखाद्या जागृत देवस्थानात काम करतो असं वाटायला लागतं. मी विम्याच्या कागदपत्रांची मराठी भाषांतरं तपासते. म्हणजे दिवसभर वाचायचं, आणि असं वाचायचं की एक ‘किंवा’ चुकीच्या जागी पडला तर उद्या कुणाचा तरी दावा फेटाळला जाईल. माझ्या पाठीला पाठ लावून जे गृहस्थ बसतात, त्यांच्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठे झालं, बिल किती आलं, त्यातलं किती नाकारलं गेलं, हे मला तोंडपाठ आहे. त्यांचा चेहरा मात्र मी लिफ्टमध्येच काय तो पाहते.

या मोकळ्या मैदानाचं समर्थन असं केलं जातं, की भिंती गेल्या म्हणजे माणसं एकमेकांशी बोलतात, कल्पना उसळतात, सहकार्य वाढतं. इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या हार्वर्डच्या दोघांनी २०१८ साली हे तपासून पाहिलं. दोन बड्या अमेरिकी कंपन्यांनी भिंती काढल्या, त्याच्या आधी आणि नंतर कर्मचाऱ्यांच्या अंगावर सेन्सर लावून कोण कुणाशी समोरासमोर किती बोलतो ते मोजलं. बोलणं वाढायचं सोडून जवळपास सत्तर टक्क्यांनी घटलं आणि मेल वाढले. यात आश्चर्य कसलं? चव्हाट्यावर बसवलेला माणूस तोंड मिटून घेतो. पण हा अभ्यास आमच्या साहेबांना दाखवून उपयोग नाही. भिंती का काढल्या हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. परळच्या जागेचं भाडं चौरस फुटावर असतं आणि भिंत चौरस फूट खाते. दोन माणसांच्या जागेत तिघं बसली, हिशेब जमला. वाचलेल्या भाड्याचा जो खड्डा आमच्या डोक्यात पडला, तो आम्ही स्वखर्चाने बुजवायचा. साहेबांच्या खोलीला दार आहे, हे सांगायला नकोच.

बरं, आवाज फार मोठा असतो असंही नाही. फोनवरच्या ॲपने मोजला तर साठच्या आसपास डेसिबल येतो. त्याने कान फुटत नाहीत, डोकं फुटतं. मेंदूला पंख्याची घरघर सोसते, एसीचा घुमारा सोसतो. सोसत नाही ते कळणारं बोलणं. वाचत असताना कानावर मराठी पडलं की डोळ्यांपुढचं मराठी विरघळायला लागतं. मी ‘विमाधारकाच्या मृत्यूनंतर’ इथवर येते आणि मागून आवाज येतो, “अरे, मग वाटी बदलायची म्हणाले ना डॉक्टर?” पुन्हा पहिल्यापासून. डोळ्यांना पापण्या आहेत, तोंडाला ओठ आहेत. कानाला देवाने दार दिलं नाही आणि ऑफिसने खोलीला दिलं नाही.

म्हणून घेतले बड्स. आता त्यातली गंमत ऐका. नॉइज कॅन्सलेशनची मूळ कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग नावाच्या जर्मनाने १९३० च्या दशकातच पेटंट घेतलं होतं. येणाऱ्या ध्वनिलहरीच्या नेमकी उलटी लहर सोडायची, की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. ती प्रत्यक्ष कानापर्यंत आणली अमर बोस यांनी. बाप बंगालचा क्रांतिकारक, इंग्रजांच्या तुरुंगात राहून अमेरिकेत पळालेला. मुलगा एमआयटीत प्राध्यापक. १९७८ साली युरोपातून अमेरिकेला परतताना विमानात दिलेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या घरघरीखेरीज काही ऐकू येईना, तेव्हा बोसबाबूंनी बसल्या जागी गणित मांडायला घेतलं. पुढे दहाएक वर्षांनी वैमानिकांसाठी हेडसेट बाजारात आला. म्हणजे ही विद्या जन्मली ती इंजिनासाठी, एकसुरी, खालच्या पट्टीतल्या, न थांबणाऱ्या आवाजासाठी. तिथे ती कमाल करते. माणसाचं बोलणं मात्र क्षणाक्षणाला बदलतं, आणि त्यातले स, ट, क हे अक्षरांचे कंगोरे वरच्या पट्टीत असतात. त्यांची उलटी लहर वेळेत तयार करणं या यंत्राला जमत नाही. ते काम कान घट्ट बुजवणाऱ्या रबराच्या किंवा फोमच्या टिप्सच करतात, जमेल तेवढं. परिणामी मी बटण दाबते, एसीचा घुमारा अदृश्य होतो आणि त्या शांततेत सासऱ्यांचा गुडघा जास्तच स्पष्ट ऐकू येतो. वीस हजार रुपये मोजून मी एसी बंद केला.

मग काय करायचं? त्यावर पावसाचा आवाज लावायचा. आमच्या मजल्यावर निम्म्या लोकांच्या कानात भर एप्रिलमध्ये पाऊस पडत असतो. कुणाच्या कानात समुद्र, कुणाच्या कानात नुसती सूं सूं. गोंगाट झाकायला आणखी गोंगाट, आणि तोही थेट कानाच्या नळीत, पडद्यापासून बोटभर अंतरावर. कुणी उपाशीपोटीही हसेल असा विनोद आहे हा, पण आम्ही त्याला उत्पादकता म्हणतो.

कान घट्ट बुजवले की आणखी एक प्रकार होतो. आपलाच आवाज आपल्या कवटीत घुमतो. पोळीभाजी खाताना जबडा गिरणीसारखा वाजतो, चालताना टाच डोक्यात आपटते. फोनवर बोलताना स्वतःचा आवाज धड कळत नाही, म्हणून माणूस ओरडतो. एतिएन लोम्बार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ सालीच दाखवून दिलं होतं, की भोवती गोंगाट असला की माणसाचा आवाज आपसूक चढतो, त्याला कळतसुद्धा नाही. आमच्या मजल्यावर लोम्बारसाहेबांचा प्रयोग रोज सकाळी अकराला लागतो. बड्स घातलेला एक जण “माझा आवाज येतोय का?” असं खच्चून विचारतो. त्याचा त्रास होऊन शेजारचा बड्स घालतो आणि त्याचा कॉल आला की तोही खच्चून विचारतो. आवाज सगळ्यांना येत असतो. येत नसतो तो फक्त ज्याला विचारलंय त्याला, कारण तो म्यूटवर असतो.

कान दुखायला लागला म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दुर्बीण लावून पाहिलं आणि मळाचा गोळा काढून मला ट्रेमध्ये दाखवला, काळपट, बड्सच्या टोकाच्या मापाचा. कान स्वतःची सफाई स्वतः करतो, मळ हळूहळू बाहेर सरकतो. आपण दिवसभर बूच मारून बसलो की तो आत दाबला जातो.

“किती तास घालता?”

“ऑफिसात असते तोवर.”

“मध्ये मध्ये काढत जा.”

“काढले की काम होत नाही, डॉक्टर.”

“मग जागा बदलून मागा.”

त्यांच्या दवाखान्याचं दार जाड लाकडाचं होतं. बाहेर रिक्षा बोंबलत होत्या, आत चिठ्ठी फाडल्याचा आवाज येत होता. अशा खोलीत बसून असा सल्ला सुचतो.

आणि हे सगळं करून आम्ही माणूसघाणे! ज्या एचआरने इयरफोन घ्या म्हणून कळवलं, त्याच एचआरने पुढे दुसरा मेल धाडला, की डेस्कवर कानात काही घालून बसल्याने संघभावनेला बाधा येते, तेव्हा सहकाऱ्यांना ‘उपलब्ध’ राहा. उपलब्ध म्हणजे काय, तर कुणीही येऊन खांद्यावर टकटक करावी आणि विचारावं, “बिझी आहेस का?” घरी सासूबाईंचं तेच. “अगं, कानात बोळे घालून बसलीस, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या?” शिट्ट्या मला ऐकू आल्या नाहीत हे खरं, पण त्या त्यांनाही ऐकू आल्या नव्हत्या. टीव्हीवर सुनेला घराबाहेर काढण्याचा प्रसंग चालला होता आणि पार्श्वसंगीताने भांडी थरथरत होती.

एकांतात ऐकणं असभ्य दिसेल ही भीती खुद्द सोनीच्या अकिओ मोरितांनाही होती. जुलै १९७९ मध्ये पहिला वॉकमन आला तेव्हा त्याला हेडफोनची भोकं दोन होती, आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं खाली जायचं आणि शेजाऱ्याचं बोलणं ऐकू यायचं. लोकांना ते नको होतं. पुढे ते बटण गेलं. मला मोरितांचं कौतुक वाटतं, पण ते जपानात होते. शेजाऱ्याचं बोलणं ऐकायला बटण दाबावं लागतं, अशा देशात माणूस सभ्यतेची चिंता करू शकतो. डोंबिवली लोकलमध्ये त्या बटणाला गिऱ्हाईक मिळालं नसतं.

लोकलची गोष्ट निघालीच आहे तर ‘गोंगाट एकाचा, दंड दुसऱ्याला’ या रोगाचं मूळ तिथेच दाखवता येईल. करी रोडहून परतताना एकदा समोर एक गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, कपाळाला गंध, मांडीवर फोन. फोनवर रील एकामागून एक, पूर्ण आवाजात. एक तर हसण्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, नाहीतर कुणी बाबा कोमट पाण्याचे फायदे सांगतोय. घाटकोपर गेलं, मुलुंड आलं. मी म्हटलं, “काका, जरा आवाज कमी करता का?” त्यांनी वर पाहिलं. रागावलेही नाहीत. माझ्या हातातल्या बड्सच्या डबीकडे बोट करून म्हणाले, “तुमच्याकडे आहेत ना, मग तुम्ही घाला की कानात.”

डब्यात कुणालाही यात वावगं वाटलं नाही. एक बाई तर मान डोलावत होती. ज्याच्याकडे बचावाची साधनं आहेत, त्यानेच आपला बचाव करायचा, हल्ला करणाऱ्याला काही विचारायचं नाही, हे आता इतकं मुरलंय. बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये नियम काढला, की बसमध्ये फोनवर मोठ्याने गाणी-व्हिडिओ लावायचे नाहीत, ऐकायचं असेल तर वाजवणाऱ्याने हेडफोन लावावा. वाजवणाऱ्याने! एका सरकारी छापाच्या कागदावर इतकी साधी अक्कल बऱ्याच दिवसांनी पाहिली. अंमलबजावणीचं विचारू नका. कंडक्टरला तिकिटं फाडायची असतात.

शिवाय ‘तुम्ही घाला’ हा सल्ला पैसेवाल्याला दिलेला असतो, हे विसरू नये. माझ्या बड्सना चांगल्या टिप्स आहेत, त्या बाहेरचा आवाज बऱ्यापैकी अडवतात, म्हणून मी आतला आवाज खाली ठेवू शकते. लोकलच्या डब्यात “हेडफोन सौ रुपया” म्हणत जो पोरगा फिरतो, त्याच्याकडची वायर घेणाऱ्याला ही सोय नाही. ते प्लास्टिक कानात सैल बसतं, गाडीचा खडखडाट सरळ आत येतो, आणि त्याच्यावर गाणं ऐकू यायचं तर आवाज खडखडाटाच्या वर न्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे वेळ निम्मा. ९० ला उरतात आठवड्याचे चार तास. डोंबिवलीहून करी रोडला जाऊन-येऊन ते मंगळवारी संध्याकाळी संपतात. पुढचे दिवस ती वायर घेणारा कान उधारीवर वापरतो. जगात बारा ते पस्तीस वयाची शंभर कोटींहून जास्त माणसं या रांगेत आहेत असं हीच संघटना सांगते, आणि आपण त्यांना सांगतो, “काय रे, सारखं कानात?”

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी पुरुषांना बहुतेक माहीत नसते. आमच्यातल्या कितीतरी जणींच्या कानातले बड्स बंद असतात. गाणं नाही, पाऊस नाही, काही नाही. स्टेशनबाहेर ‘मॅडम, कहां जाना है’, शेअर रिक्षात ‘तुम्ही अमक्या सोसायटीत राहता ना’, बसस्टॉपवर उगाच घसा खाकरणं, या सगळ्याला उत्तर न देण्याचा तो परवाना असतो. ‘ऐकू आलं नाही’ हे सांगायची गरजच पडत नाही, कानात दिसतंय. मात्र रात्री दहानंतर स्टेशनवरून घराकडे चालत येताना जी ती एका कानातला काढते. मागून पावलं येतात का ते ऐकायला हवं असतं. शांतता विकत घेऊनही ती पूर्ण वापरता येत नाही. यावर पुरवणीत लेख आलेला मी पाहिला नाही.

कानात घालणाऱ्यांपैकी जे खरोखर शिव्या खायच्या लायकीचे आहेत, त्यांनाही सोडायला नको. कानात बड्स घालून दुचाकी हाकणारा, भाजीवालीशी बोटांच्या खुणांनी व्यवहार करणारा आणि तिने दर सांगितला की “काय?” म्हणून खेकसणारा, बँकेच्या काउंटरवर एक कान भरलेला ठेवून म्हाताऱ्या माणसाला तीनदा बोलायला लावणारा कारकून. उत्तर प्रदेशात कुशीनगरला एप्रिल २०१८ मध्ये शाळेची व्हॅन फाटक नसलेल्या क्रॉसिंगवर रेल्वेखाली आली, तेरा मुलं गेली. चालकाच्या कानात इयरफोन होते असं तेव्हा सांगितलं गेलं. या लोकांना माझी सहानुभूती नाही. पण त्या क्रॉसिंगला फाटक नव्हतं, हेही त्याच बातमीत होतं, आणि ते दुसऱ्या दिवशी सगळे विसरले. इयरफोनवर खापर फोडणं स्वस्त पडतं.

तर मूळ मुद्दा. गोंगाटाविरुद्ध कायदा नाही असं नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. बाजारपेठेत ६५ आणि ५५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या शंभर मीटरमध्ये ५० आणि ४०. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांनी, मुंबईत सुमैरा अब्दुलालींनी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सविस्तर आदेश दिले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने भोंगा हा कुठल्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं सांगितलं, आणि तक्रार करणाऱ्याचं नाव समोरच्याला कळू देऊ नका असं पोलिसांना बजावलं. पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी गणपती विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर मीटर घेऊन उभे राहतात. आकडा शंभराच्या पुढे जातो, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो आणि पुढच्या वर्षी ढोलांची संख्या वाढते. मुंबई पोलिसांनी एक झकास प्रयोग केला होता. काही सिग्नलवर मीटर बसवले, हॉर्नचा आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून. वाजवाल तितके थांबाल. २०२० मध्ये त्याची चित्रफीत जगभर गाजली, टाळ्या पडल्या. मग? मग हॉर्न.

आमच्या सोसायटीमागच्या मैदानात कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाला भिंतभर स्पीकर लागले, तेव्हा मी पोलिसांना फोन केला. पलीकडून दमलेला आवाज आला. “मॅडम, दहाला बंद होईल.” म्हटलं, दिवसाचीही मर्यादा असते, ५५ ची. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “तोपर्यंत कानात काहीतरी घालून बसा ना.” त्या माणसावर मी रागावले नाही. त्याच्या मागे ठाण्यातले चार फोन वाजत होते, आणि वाढदिवस ज्याचा होता त्याचा फोटो त्याच्या चौकीबाहेरच लागलेला असणार.

माझे आजोबा गिरणगावातल्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. तिथल्या माणसांचं बोलणं ओठ वाचून आणि हातवारे करून चालायचं. घरी आले की ते ओरडूनच बोलायचे, रेडिओ चाळभर ऐकू जायचा, आणि आम्ही पोरं त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. कान कापसाने भरायचे, असं आजी सांगायची. १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या, विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं. आम्ही त्या जमिनीवर काचेत बसून साठ डेसिबलने हैराण झालो, आणि साचे अजून वाजताहेत, फक्त आम्हाला ऐकू येणार नाहीत इतक्या लांब.

माझा मामेभाऊ भिवंडीत यंत्रमागांचे सुटे भाग विकतो. त्याच्याबरोबर एका शेडमध्ये गेले होते. पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना मागांच्या रांगा, प्रत्येक मागावर धोटा इकडून तिकडे आपटतोय. अशा शेडमध्ये आवाज शंभराच्या आसपास असतो. तो कानाने ऐकावा लागत नाही, छातीत लागतो. एक कामगार, वय पंचविशीच्या आतलं, चार माग सांभाळत होता. कानात काही नव्हतं. त्याला काही विचारायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे, आणि तरी तो माझ्या ओठांकडेच पाहत होता. कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलला आठ तास आणि १०० ला दोन तास ही मर्यादा लिहिलेली आहे. आवाजाने येणारं बहिरेपण कायद्याच्या परिशिष्टात आजार म्हणून नोंदलेलं आहे, डॉक्टरला आढळलं तर त्याने सरकारला कळवायचं असतं. हा पोरगा बारा तासांच्या पाळीत होता. फोमचे साधे इयरप्लग दहा-वीस रुपयांना मिळतात. या देशात ज्याच्या कानात काहीतरी घालायलाच हवं, त्याला मात्र अजून कुणी म्हटलेलं नाही की तुम्ही घाला.

मालकाला हे विचारावं म्हणून तोंड उघडलं, तर त्याला काही ऐकू जाईना. त्याने हाताने खूण केली, या म्हणून, आणि आम्हाला शेडच्या टोकाच्या केबिनमध्ये नेलं. जाड काच, रबराची पट्टी लावलेलं दार. त्याने ते ओढून घेतलं आणि खडखडाट एकदम लांब गेला. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. चहा मागवला. मी प्रश्न पुन्हा विचारला.

“सवय होते, ताई,” तो म्हणाला.